मन्मथअप्पा आणि एक जानेवारी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. बंद पडलेल्या मशिनमध्ये मला पाल सापडली आहे, झुरळांचं आख्खं खटलं सापडलं आहे, एकदा तर एका शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये मूठभर शेंगदाणे सापडले. तेव्हा आता मला कशाचाच धक्का बसत नाही, असं मी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत असतो. ते खोटं आहे. मन्मथअप्पांनी दिलेला धक्का अजून उतरलेला नाही आणि आता तो उतरेल असं वाटतही नाही.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दफ्तरात अप्पा कारकून होते. गाव कुठलं ते सांगत नाही. आम्हा नांदेडवाल्यांना ते कंधारवरून जवळ पडतं, म्हणून तिथल्या मशिनींचं काम माझ्या दुकानाकडे आलं होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा बसमधल्या धुळीनं माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. दारात एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात दोऱ्यात बांधलेलं लिंग आणि खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल.

"शरणार्थ," ते लिंगायती रिवाजानं नमस्कार करत म्हणाले. "चपला भाईर काढा, इंजिनेर."

मी इंजिनेर नाही, आयटीआय आहे. पण पहिल्याच वाक्यात मिळालेली बढती कोण नाकारतो? मी चपला काढल्या. आत गेलो तर फरशीवर बाहेरच्याइतकीच धूळ.

"अप्पा, आत तर धूळच आहे."

"धूळ हाय. पर चपला भाईरच."

कॉम्प्युटर एका लाकडी टेबलावर होता. त्याच्यावर त्यांच्या मंडळींनी विणलेला क्रोशाचा रुमाल होता. अप्पांनी तो दोन्ही हातांनी उचलला, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवला. मग बटण दाबलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "उठा मालक."

मालक उठायला बारा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघितलं. त्या बारा मिनिटांत अप्पांनी तिन्ही खिडक्या उघडल्या, पिण्याच्या पाण्याचा माठ तिरका करून तळाला किती उरलंय ते पाहिलं, आलेल्या दोन म्हाताऱ्यांना बाकावर बसवलं आणि मला चहा पाजला. त्यांचं सगळं काम त्या बारा मिनिटांच्या मापानं बेतलेलं होतं. मशिन जर झटकन सुरू झालं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती.

"अप्पा, हे डबडं फेकून द्या आता," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या वडिलांबद्दल काही बोललो.

"कामावर रुजू हाय तवर असं बोलू नये," ते म्हणाले. "त्याला ऐकू येत नसंल. मला येतंय ना."

अप्पांचा जीव तारखेत होता. कुठल्याही कागदावर ते आधी तारीख घालत आणि मग सही करत. उलटं केलेलं मी कधी पाहिलं नाही. "आधी दिवस, मग माणूस," असं त्यांचं म्हणणं. दफ्तरात कोण कधी रुजू झालं, कुणाची बदली कोणत्या दिवशी आली, कुठल्या गावाचा बोअर कधी आटला, हे त्यांना तोंडपाठ होतं. मी दुकान कधी उघडलं ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पुढं दोन महिन्यांनी मी कुणाला तरी ती तारीख चुकीची सांगितली, तर शेजारच्या टेबलावरून न बघताच म्हणाले, "तेरा न्हाई, चवदा. बेस्तवार होता." घरी जाऊन उद्घाटनाची पत्रिका काढली. चौदा. गुरुवार. 

तो काळ दुष्काळाचा होता. लातूरकडे पाणी हाच एक विषय उरला होता आणि त्याच्या जोडीला नव्या जिल्ह्याची आवई. जिल्हा तुटणार, आपला तालुका नव्या जिल्ह्यात जाणार, नव्या जिल्ह्यात नोकऱ्या निघणार, पाण्याच्या योजना येणार. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी बातमी आणायचं की आज झालाच. मग चौकात फटाके, दफ्तरात पेढे. दुसऱ्या दिवशी कळायचं की काही झालेलं नाही. लोक पेढे खाऊन मोकळे व्हायचे.

त्यातच कुणीतरी पिल्लू सोडलं की ज्याची दरखास्त जुन्या तारखेची, त्याचा नंबर नव्या जिल्ह्यात आधी. झालं. अप्पांच्या टेबलापुढं रांग. सगळ्यांना मागची तारीख हवी. एका पुढाऱ्याचा माणूस आला. गॉगल कपाळावर, मागं चौघं जण. मी तेव्हा टेबलाखाली वायरी बघत होतो, त्यामुळं मला फक्त बूट दिसत होते.

"अप्पा, तीन दिवस मागची टाका. कोण बघतंय?"

"मी बघून राहिलो ना," अप्पा म्हणाले.

"तुमची बदली पार धर्माबादला करू का?"

"करा. तिथंबी आज हीच तारीख हाय."

बुटांनी टेबलाला लाथ घातली. मशिन हललं. अप्पा उठले, माठातून पेलाभर पाणी आणलं आणि त्या माणसाला दिलं. त्या उन्हाळ्यात दफ्तरातलं पेलाभर पाणी म्हणजे काय होतं ते तिथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यानं ते पिऊन टाकलं आणि शिव्या न देता गेला. मी टेबलाखालून बाहेर आलो. अप्पा मशिनवरची धूळ पुसत होते.

आता एवढा तारखेचा माणूस, आणि त्याच्या मशिनचं दुखणं काय असावं? तारीख.

वीज गेली की तो कॉम्प्युटर आजचा दिवस विसरायचा. पुन्हा सुरू झाला की कोपऱ्यात एक जानेवारी, आणि साल त्याच्या जन्माचं, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीचं. वीज तर दिवसातून चार वेळा जायची. अप्पा प्रत्येक वेळी मनगटावरच्या घड्याळात बघून तारीख-वेळ पुन्हा भरायचे, आजारी माणसाला औषध पाजावं तशी. टँकरच्या प्रस्तावांचा एक जुनाट प्रोग्राम त्यात होता. तो प्रत्येक नोंदीला मशिनची तारीख आपणहून लावायचा आणि भरताना ती पडद्यावर दाखवायचाही नाही. त्यामुळं अप्पा फार जपून असत.

दुखणं साधं होतं. आत रुपयाएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल संपला की घड्याळ मेलं. मी सेल बदलला. पंखा धुळीनं चोंदला होता, तो साफ केला, दोन व्हायरस काढले, बारा मिनिटांची नऊ मिनिटं झाली. अप्पा नाराज दिसले. पुढच्या आठवड्यात फोन आला. "इंजिनेर, परत एक जानेवारी."

मी पुन्हा गेलो, पुन्हा सेल बदलला. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. सेल काढला की त्याच्यावर करड्या भुकटीचा थर दिसायचा. त्या खोलीत सगळ्यावरच थर होता, म्हणून मी फुंकर मारून मोकळा व्हायचो. नांदेडच्या घाऊक दुकानदाराशी मी कडाक्याचं भांडलो. तू मला नकली सेल देतोस, म्हणालो. तोही मला नको ते बोलला. आमचं बोलणं त्यावरून आजही बंद आहे.

आणि मग शेळगीवाडीचं प्रकरण झालं.

शेळगीवाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली साठ-सत्तर घरांची वस्ती. सरपंच शेवंताबाई. उंच, आवाज खणखणीत, अंगठ्याऐवजी सही करायला शिकल्याचा अभिमान. गावची विहीर आटल्यावर टँकरचा प्रस्ताव त्यांनी स्वतः अप्पांच्या हातात आणून दिला होता. मात्र टँकर काही आला नाही. तीन आठवडे बायका चार कोसांवरून घागरी आणत राहिल्या. शेवंताबाई दफ्तरात आल्या, तर मोठ्या साहेबांनी मंजूर गावांची यादी पुढं केली. यादीत शेळगीवाडी नाही. प्रस्ताव आलाच नाही, असं उत्तर. पोच? त्या दिवशी प्रिंटरची शाई संपली होती. "माय, कागद उद्या देतो," असं अप्पा म्हणाले होते आणि बाई पुन्हा एवढ्या लांब आल्या नव्हत्या. आवक नोंदवही तर कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून बंद.

"अप्पा, तुमच्या हातात दिला का न्हाई? बोला!" शेवंताबाई भर दफ्तरात ओरडल्या. "लेकरं गढूळ पिऊन हागवणीनं पडल्यात. बोला की!"

अप्पांनी मला फोन केला. आवाज ओळखू येईना. "इंजिनेर, बाई खोटं बोलत न्हाई. मला याद हाय. मशीनमधी हुडका."

मंगळवारी सकाळच्या बसनं मी गेलो. दुपारी जिल्ह्याहून चौकशीला साहेब यायचे होते, शेवंताबाईंनाही बोलावलं होतं. मी प्रोग्राम उघडला आणि सगळ्यात जुन्या नोंदी काढल्या. शेळगीवाडी तिथंच होती. एक जानेवारीला, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या.

अप्पा मटकन खुर्चीत बसले. मग त्यांना आठवलं. ती बाई आली तो दिवस जिल्हा झाल्याच्या बातमीचा. दफ्तरात पेढे, गुलाल, मिरवणूक. त्यातच वीज गेली, आली. मशिन उठलं आणि त्या गोंधळात एकदाच, आयुष्यात एकदाच, अप्पा तारीख भरायला विसरले. प्रोग्रामनं तो प्रस्ताव जुन्या, निकाली कागदांत नेऊन टाकला.

मला वाटलं, सुटलो. नोंद सापडली, बाई खऱ्या ठरल्या. सहज म्हणून मशिनचं झाकण काढलं, सेल बाहेर घेतला आणि फुंकर मारणार तोच हात थांबला. सेलवर तीन रेघा होत्या. आडव्या, समांतर, नीट काढलेल्या. उलटा केला, तर मागंही तीन.

"अप्पा, हे काय?"

"भस्म," अप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर संकोच होता आणि थोडा अभिमानही. "दर सोमवारी लावतो. सकाळी कुणी यायच्या आत. ओलं करून, उदबत्तीच्या काडीनं. बोट बसत न्हाई ना एवढ्याशा जागंवर."

 ओलं भस्म वाळून सेल आणि पितळी पट्टीच्या मध्ये बसायचं आणि वीज पोचायचीच नाही. सेल चांगलेच होते. मी बदललेले सगळेच्या सगळे चांगले होते.

"पण का?"

"तुम्हीच म्हणला होता की." ते अगदी सरळ म्हणाले. "पहिल्या बारीला. झाकण काढून दावलात आन म्हणलात, अप्पा, हा याचा प्राण. ह्याला जपा."

मी म्हणालो होतो. गिऱ्हाइकाला पटकन समजावं म्हणून मी सगळ्यांनाच तसं म्हणतो.  अप्पांना खरं सांगितलं. या भस्मामुळंच घड्याळ मरत होतं, अप्पा. ते ऐकत राहिले. मग टेबलावर दोन्ही तळवे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडंच बघत बसले.

"म्हंजे लेकरांची हागवण माझ्या हातानं," ते म्हणाले.

"तसं नाही अप्पा. आणि हे कुणाला कळायची गरज नाही. मी पुसून टाकतो. मशिन जुनं आहे, म्हणून सांगू."

 मी रुमालानं सेल पुसला आणि जागेवर बसवला. बाहेर जीपचा आवाज आला.

साहेब तरुण होते, हुशार होते आणि तेच वाईट झालं. त्यांनी नोंद पाहिली आणि हसले. "ही नोंद काल-परवा घुसवलेली दिसते. गाजावाजा झाल्यावर मशिनची तारीख मागं नेली आणि घाईत फारच मागं गेली. हे धंदे मी इथं रोज बघतोय, नव्या जिल्ह्याच्या नावाखाली."

"सायेब, मी स्वतः आणून दिला," शेवंताबाई म्हणाल्या.

"मग तारीख कशी बदलली? सेल तर नवा होता." त्यांनी फाइल उघडून माझाच कागद पुढं धरला. शेळगीवाडीचा प्रस्ताव आला त्याच्या आदल्या आठवड्याचा, माझ्या सहीचा. नवीन सेल बसवला, घड्याळ व्यवस्थित चालू. "काय हो? तुम्ही खोटा सेल बसवलात का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सेल खराब होता म्हणालो असतो तर माझं काम गेलं असतं, नांदेडभर नाव गेलं असतं. भस्माचं सांगितलं असतं तर अप्पा गेले असते, त्यांच्या निवृत्तीला जेमतेम पाच महिने होते. काहीच बोललो नाही तर शेळगीवाडी खोटी ठरत होती आणि टँकर नवीन प्रस्ताव, नवीन पाहणी, नवीन मंजुरी यांच्या पलीकडं जाणार होता. मला हे सगळं लख्ख कळत होतं. आणि मी गप्प उभा होतो. शेवंताबाईंचा चेहरा मला दिसत होता आणि तरी मी गप्प उभा होतो.

"तुम्हाला तर फौजदारीत घातलं पाहिजे," साहेब बाईंना म्हणाले.

"साहेब." अप्पा उठले होते. टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. अप्पांना मी बोडक्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि का कोण जाणे, मला नजर वर करवेना. "कसूर माझा हाय. बाईचा कागद खरा, दिवस खरा. सेल नवा होता, इंजिनेरचं काम चोख हाय. मी दर सोमवारी झाकण काढून सेलाला भस्म लावत होतो. त्यानं घड्याळ बंद पडायचं. त्या दिवशी तारीख घालायचं मी इसरलो."

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी दोनदा विचारलं, "काय लावत होता?" अप्पांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा लेखी मागितलं, तर त्यांनी निळं पेन काढून लिहून दिलं. आधी तारीख, मग मजकूर, मग सही.

"हे तुमच्या डोक्यात घातलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

 माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्याच मनानं," ते म्हणाले.

साहेबांनी तिथल्या तिथं टेबल दुसऱ्याकडं द्यायचा हुकूम काढला. पुढची कारवाई होईल, म्हणाले. अप्पा म्हणाले, "हाव साहेब. पर आधी शेळगीवाडीचा आदेश काढू द्या. ह्यो प्रोग्राम दुसऱ्या कुणाला येत न्हाई." आणि ते बसले. एका बोटानं टाइप करू लागले. मशिन नेहमीसारखंच रखडत होतं. साहेब उभे, बाई उभ्या, मी उभा. पडद्यावरचं ते वाळूचं घड्याळ भरतंय, भरतंय आणि भरतच नाही.  शेवटी प्रिंटर कुरकुरला. साहेबांनी सही केली. अप्पांनी त्या सहीखाली तारीख घातलेली नाही हे दाखवून दिलं, तेव्हा त्यांनी तीही घातली.

पुढं अप्पांवर रीतसर चौकशी लागली. ते निवृत्त झाले ते निलंबित असतानाच, हार-नारळ काही न होता. तालुक्यात कितीतरी दिवस लोक त्यांची नक्कल करून हसायचे. मी त्यांना भेटायला दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा कंधारच्या स्टँडवर उतरून परत फिरलो. ही गोष्टही आज पहिल्यांदाच सांगतोय.

म्हणजे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी. तीन वाजले होते, दफ्तर सुटायला वेळ होता. आवारात टँकर भरून उभा होता. त्याचा ड्रायव्हर बाहेरगावचा होता, त्याला शेळगीवाडीची वाट ठाऊक नव्हती. शेवंताबाई मागच्या शिडीवर चढून बसल्या होत्या. पदरानं डोळे पुसत होत्या.

अप्पा हातात डबा घेऊन बाहेर आले. ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले आणि केबिनमध्ये चढायला लागले. पायरी उंच होती, त्यांचा पाय पोचेना. मी पळत गेलो आणि हात दिला. त्यांचा हात हलका होता आणि गार होता, एवढ्या उन्हात.

"अप्पा, मी बोलायला हवं होतं," मी म्हणालो.

"तुमची बस चारला हाय," ते म्हणाले. "निघा आता." मग खिडकीतून मान बाहेर काढून मागं ओरडले, "माय, वाडीत फोन लावा. हौद धुऊन ठेवा म्हणावं. लेकरांस्नी आधी द्या."

टँकर हलला. आतून पाण्याचा आवाज येत होता. फाटकातून वळताना ते ड्रायव्हरला हातानं रस्ता दाखवताना दिसले, डावीकडं, मग सरळ. टँकरपुढं धावत जाऊन आडवं उभं राहावं, साहेबांना बाहेर बोलवावं आणि सगळं सांगून टाकावं, असं मला वाटलं. साहेब अजून आतच होते. मी चपला घातल्या आणि स्टँडकडं चालू लागलो.